कापराचा सुळका

मी आयुष्यभर रबराचं काम केलं. अकोल्याच्या एमआयडीसीत माझी पत्र्याची एक शेड आहे. त्यात रबर मळायचं दोन रुळांचं एक यंत्र, एक प्रेस आणि एक भट्टी, एवढाच पसारा. दालमिलच्या बॉयलरचे दरवाजे, तेलाच्या घाण्या, जिनिंगमधले पाइप, जिथं जिथं वाफ गळते तिथं माझं रबर बसलेलं आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीचं पुस्तक घेतलं होतं, ते उघडायची वेळ आली नाही. पण रबर शिजलं का कच्चं राहिलं हे पाहायले मले कोणतं मीटर लागलं नाही. प्रेसमधून काढलेल्या पट्टीत अंगठ्याचं नख दाबायचं. नखाची खूण भरून आली तर माल तयार, खूण तशीच राहिली तर कच्चा. मूर्तिजापूर, पातूरकडचे लोक आपला माल घेऊन फक्त माझा अंगठा लावून घ्यायले येत. या अंगठ्याचा मले गर्व होता. आताही थोडा आहे.

माझी लेक अमरावतीले एका प्रयोगशाळेत कामाले आहे. संत्र्यावर, भाजीवर फवारलेलं औषध किती उरलं हे तिथं तपासतात. तिचं सासरही तिथलंच. महिन्यातून एखाद्या रविवारी ती येते, आईच्या हातचे रोडगे आणि वांग्याची भाजी खाते आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जाते. असंच एका रविवारी जेवण झाल्यावर तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली. मले वाटलं सुपारी आहे. उघडली तर आत रबराची एक चकती, शर्टाच्या बटनाएवढी, मधोमध सुईनं टोचून टोचून चाळणी झालेली.

मी ती हातात घेतली, दाबली, ताणली, हुंगली. सिलिकॉन रबर होतं, पण फार निगुतीनं केलेलं.

तिनं मले समजावून सांगितलं ते मी माझ्या डोक्यात असं बसवलं. त्यांच्याकडं एक मशीन आहे. त्याच्या तोंडात सुईनं एक थेंब सोडतात. तोंड इतकं गरम असते का त्या थेंबाची जागच्या जागी वाफ होते. ती वाफ केसासारख्या बारीक, गुंडाळलेल्या नळीतून धावते आणि धावता धावता तिच्यातल्या वस्तू एकमेकींपासून वेगळ्या होतात. जी वस्तू बाहेर पडते तिचा कागदावर एक सुळका उमटतो. सुळका कुठं आला यावरून वस्तू ओळखायची. ही चकती म्हणजे त्या मशीनच्या तोंडावरचं झाकण. सुई तिच्यातून आत जाते, बाहेर येते, आणि तिनं दर वेळी आपलं भोक आपणच मिटवून घ्यायचं. खाली तीनशे डिग्रीची आच. तरी तिनं वितळायचं नाही, तडकायचं नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्वतःमधलं काही सोडायचं नाही. तिनं स्वतःचा थोडाही अंश सोडला तर मशीनले वाटते तो संत्र्यातूनच आला.

आच फार असते बाबा, असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, मी अकोल्यात राहतो, मले आचेचं नको सांगू.

या चकत्या बाहेरदेशातून यायच्या. त्या वर्षी त्यांचं पार्सल अडकलं आणि मशीन बंद पडून राहिलं. मीटिंगमध्ये सगळे हात बांधून बसले होते, तेव्हा माझी लेक उभी राहून म्हणाली का माझे बाबा ह्या करू शकतात. कोणीतरी हसलं. आता मशीनले कुकरची रिंग लावा, असंही कोणी म्हणालं. त्यांच्या मोठ्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. करून आणा, पाहू, एवढंच म्हणाल्या.

हे तिनं मले शेवटी सांगितलं, रिकामी पुडी बोटानं चुरगळत. म्हणजे विचारायच्या आधीच ती शब्द देऊन बसली होती. मी चिडलो नाही. चिडायले पाहिजे होतं, पण मनात गोड वाटून राहिलं होतं.

पहिली खेप अशी झाली का तिसाव्या टोचणीले चकती फुटली आणि तिचा भुगा मशीनच्या तोंडात पडला. दुसरी इतकी कडक झाली का सुई वाकली. तिसऱ्या खेपेले रबर जमलं. लेकीनं सांगितलं तसं मी ते प्रेसमधून काढल्यावर पुन्हा भट्टीत तास न तास तापवलं, म्हणजे त्यातलं जे काही उडून जाणारं आहे ते आधीच उडून जाईन. चकत्या छाटायचं काम बायकोनं घेतलं. पोकळ पंच ठेवायचा, वरून हातोडी मारायची. आधी ती म्हणाली हे तर पापडाच्या लाट्या कापल्यासारखं आहे, आणि मग माझ्यापेक्षा साफ कापू लागली. छाटून झाल्या का एका स्टीलच्या डब्यात टाकून झाकण दाबून लावायची. झाकणाच्या बाबतीत ती फार कडक आहे. मी चहा केला का साखरेचा डबा उघडा ठेवतो, यावरून मी संसारभर बोलणी खाल्ली आहेत.

तिसरी खेप मशीनवर चढली आणि संध्याकाळी लेकीनं मोबाइलवर कागदाचा फोटो पाठवला. मशीनमध्ये काहीच न घालता कोरी सुई मारली तर रेघ सपाट यायले पाहिजे. इथं पाच-सहा बारीक उंचवटे होते, हरभऱ्याच्या रानात ढेकळं दिसावी तसे. तिनं फोन केला. चकत्या तपासल्या कशा, म्हणून विचारलं. म्हटलं, नखानं. कोणती कोणती? म्हटलं, सगळ्याच.

मग हळूच म्हणाली, "बाबा, हाताले तेल असते. मशीनले तुमचा अंगठा दिसून राहिला."

मी म्हटलं, मग मशीनले माझा नमस्कार सांग. आणि फोन ठेवून दिला.

चार दिवस मी शेडवर गेलो नाही. घरात खाटेवर पडून राहायचो, पंख्याकडं पाहायचो. ज्या अंगठ्यानं पोरीले शिकवलं, तोच अंगठा आता घाण झाला का, असं काहीबाही मनात यायचं. पाचव्या दिवशी बायकोनं माझ्यापुढं पांढरे हातमोजे आणून ठेवले. लेकीनं ते मागच्याच खेपेले देऊन ठेवले होते, मी त्यांच्याकडं पाहिलंही नव्हतं. ती म्हणाली, पोरीनं शब्द तुमच्या अंगठ्यावर नाही देला, तुमच्यावर देला. मी जेवण करून शेडवर गेलो.

त्या दिवशी मले आपसूक सुचलं. प्रेसमधून निघणाऱ्या रबराच्या प्रत्येक पत्र्याच्या कडेले एक बारीक पट्टी जास्तीची येते, ती आपण फेकूनच देतो. अंगठा त्या पट्टीवर लावायचा. पट्टी पास तर पत्रा पास, आणि पत्र्याले हातमोज्याशिवाय कोणीच शिवायचं नाही. असा माझा अंगठाही राहिला आणि मशीनही राहिलं. लेकीले फोनवर हे सांगितलं तेव्हा ती हसली, पण पहिल्यासारखी नाही.

मी काहून म्हणून विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं का बुधवारी बाहेरच्या मालाची नवी मागणी जाणार आहे. त्याच्या आधी एक खेप पाहायची असं मॅडम म्हणाल्या. ही जमली तर जमली, नाही तर घरच्या चकत्यांचा विषय पुन्हा काढायचा नाही. ती जास्त बोलली नाही. पण मीटिंगमध्ये उभी राहून बोललेली माझी पोरगी आता त्याच लोकांत खाली मान घालून जेवण करते, हे मले तिच्या आवाजावरून दिसलं.

ही खेप मी जशी केली तशी आयुष्यात कोणतीच केली नाही. यंत्राचे रूळ तीनदा पुसले. भट्टी आधी रिकामीच तापवली. गुरुवारी अर्धा पत्रा छाटला, अर्धा तसाच चांदीच्या कागदात गुंडाळून शेडवर ठेवला आणि चकत्यांचा डबा घेऊन घरी आलो. लेक रविवारी येणार होती.

आता जे सांगतो ते सगळंच्या सगळं मी आजवर कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

मी देवाधर्माचा माणूस नाही. बायको दोन वेळा पूजा करते, मी तिले खिजवत आलो. माणसानं हातानं करावं, तोंडानं मागू नये, हे माझं नेहमीचं. तुझ्या देवाले रबर शिजवता येते का विचार, असंही एकदा म्हटलं होतं. पण त्या शुक्रवारी सकाळी ती दूध आणायले गेली, आणि मी तो डबा घेऊन देवघरासमोर उभा राहिलो. आमचं देवघर म्हणजे सागाचं एक लहानसं कपाट, दोन दरवाजांचं. आत मूर्त्या, फोटो, उदबत्त्या, कापराची डबी. मी डबा मोठ्या फोटोच्या मागं सरकवला. हात जोडले का नाही ते आठवत नाही. एवढं आठवते का मी झाकण काढून बाजूले ठेवलं. झाकण लावलं तर देवाले आत काय आहे ते कसं दिसणार, असं मले तेव्हा खरंच वाटलं होतं. मग दरवाजे लोटले आणि ती यायच्या आत अंगणात जाऊन बसलो.

डबा तिथं दोन दिवस राहिला. रविवारी बायको अंघोळीले गेली तेव्हा मी तो काढला, झाकण लावलं आणि लेकीच्या पिशवीत ठेवला. माझी मले लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

सोमवारी दुपारी फोटो आला. रेघ सपाट होती. ढेकळं गेली होती. पण मधोमध एक सुळका, एकटा, उंच, भातकुलीच्या सपाट शिवारात ताडाचं झाड उभं असावं तसा. प्रत्येक चकतीले तो तिथंच येत होता.

मी फोनवर फार बोललो. मशीन खराब आहे म्हटलं, तुमची सुई घाण आहे म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पाहते. संध्याकाळी पुन्हा फोन आला. बायको भाकरी थापून राहिली होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. लेकीनं सांगितलं का तिनं सहज डबा नाकाले लावला, आणि घरची आठवण आली. मग तिनं दुकानातून कापराची वडी आणली, विरघळवून तिचा थेंब मशीनले दिला. सुळका बरोबर त्याच जागी आला. सिलिकॉनचं रबर फार आधाशी असते, जवळ जो वास असन तो पिऊन घेते. मग आचेवर ठेवलं का तोच बाहेर सोडते.

"आई," ती म्हणाली, "डबा कापराजवळ होता का?"

मी तोंड उघडायच्या आतच बायको परातीजवळून म्हणाली, "हो वं माय. मीच ठेवला होता देवाजवळ. माझ्याच हातून झालं."

"झाकण लावलं होतं न?"

"नाही. उघडं होतं."

लेक बरं म्हणाली. आईले एका शब्दानं बोलली नाही. मॅडमले उद्या काय सांगायचं ते पाहते, म्हणाली. फोन बंद झाला.

तव्यावरची भाकर करपून राहिली होती. तिनं ती उलटवली, बोटानं दाबली. मी तिच्याकडं पाहत होतो. म्हणजे तिनं डबा पाहिला होता. रोज सकाळ-संध्याकाळ त्या कपाटाचे दरवाजे उघडून, तो उघडा डबा पाहून, तिनं त्याच्यासमोर आरती केली होती आणि मले एका अक्षरानंही बोलली नव्हती.

मी विचारलं, तू काहून खोटं बोलली?

ती वर न पाहता म्हणाली, "एवढ्या वर्षांत तुमी पह्यल्यांदा देवाजवळ काही ठेवलं. त्याचा बोल मी तुमाले लागू देऊ का?"

तिनं भाकर वाढली, मी ताटावर बसलो. आयुष्यात माझी चूक झाली नाही असं नाही. पण झालेली चूक मी कधी माझी म्हटली नाही, हे मले त्या ताटावर बसून समजलं. कधी भट्टीची झाली, कधी लाइटीची, कधी गिऱ्हाइकाची. आणि आज तर न बोलता तिच्या पदरात पडली होती, आणि तिनं ती ओच्यात घेतल्यासारखी घेतली होती.

मंगळवारी उजाडताच मी शेडवर गेलो. उरलेला अर्धा पत्रा चांदीच्या कागदात जसाच्या तसा होता, त्यानं घराचं तोंड पाहिलं नव्हतं. मी हातमोजे घातले. पाठोपाठ बायकोही आली, पंच घेऊन बसली. ती छाटत गेली, मी भट्टीत लावत गेलो. चार तास आम्ही भट्टीसमोर बसून होतो, मधे फक्त चहा. तिचा चहा गाळून झाल्यावर साखरेच्या डब्याचं झाकण मी लावलं. तिनं पाहिलं, पण हसली नाही. मग चकत्या काचेच्या बरणीत भरल्या, वरून चांदीचा कागद, वरून झाकण. बरणी घरी न नेता तशीच पिशवीत घातली आणि दुपारच्या एसटीनं मी अमरावतीले निघालो. बरणी मांडीवर धरली होती. बाजूच्या बाईनं विचारलं, लोणचं आहे का? म्हटलं, आहे तसंच काही.

लेकीची प्रयोगशाळा मी तोवर पाहिली नव्हती. जोडे बाहेर काढायले लावले, वरून पांढरा कोट दिला. तो माझ्या पोटावर बसेना. मशीन पाहिलं आणि माझी थोडी निराशाच झाली. मले वाटलं होतं काहीतरी इंजिनासारखं असन, ते तर कपड्यांच्या पेटीएवढं होतं. मोठ्या मॅडम तिथंच उभ्या होत्या. खुर्ची घ्या म्हणाल्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं राहून गेलं असतं.

मी म्हटलं, "मॅडम, कापराची चूक माझ्या घरच्यांची नाही, हिची तर नाहीच नाही. डबा मी ठेवला होता देवाजवळ. झाकणही मीच उघडं ठेवलं."

मॅडमनी लेकीकडं पाहिलं. लेकीनं माझ्याकडं. तिचे डोळे भरले होते, पण ती हसून राहिली होती, फार दिवसांनी पहिल्यासारखी.

"मले कालच समजलं बाबा," ती म्हणाली. "आई कधी झाकण उघडं ठेवीन का?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या हसणाऱ्यातल्याच नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं का नवी चकती आणली का. मी बरणी दिली. लेकीनं हातमोजे घातले, चिमट्यानं एक चकती उचलली, मशीनच्या तोंडात बसवून वरचं टोपण आवळलं. मशीनले तापायले वेळ लागते. मग तिनं कोरी सुई मारली.

पडद्यावर रेघ चालू झाली. मी चष्मा पुसला. ती रेघ मुंगीच्या चालीनं पुढं सरकत होती. सुळक्याची जागा लेकीनं बोटानं दाखवली होती. रेघ तिथं पोचली. तिथून पुढं गेली. माझा अंगठा मी दुसऱ्या हाताच्या मुठीत दाबून धरला होता. रेघ शेवटपर्यंत सपाट गेली.

त्यांनी सुई पुन्हा मारली, मग पुन्हा, मग आणखी किती वेळा ते मी मोजलं नाही. दिवस कलला. चकतीनं दर वेळी भोक मिटवून घेतलं. शेवटी मॅडमनी तो कागद छापून घेतला, त्यावर सही केली, एक प्रत फाइलीत लावली आणि एक प्रत माझ्या हातात दिली. बुधवारच्या मागणीतून चकत्या कमी करा, असं त्या बाजूच्याले म्हणाल्या. तो बाजूचा तोच, कुकरच्या रिंगवाला. लेकीनं मले ते नंतर सांगितलं. त्यानं मले चहा विचारला. मी घेतला.

एसटी स्टँडपर्यंत लेक सोडायले आली. गाडी लागली तेव्हा तिनं माझा उजवा हात धरला, अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवला आणि म्हणाली, घरी गेल्यावर आईजवळ कबूल करा. मी म्हटलं, तिले माहीत आहे. तरी करा, ती म्हणाली.

घरी आलो तेव्हा बायको दारात उभी होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा धरला, मग सुलटा. म्हणाली, यात तर काहीच नाही. म्हटलं, तेच तर पाहिजे होतं. मग मी तिले म्हटलं, मॅडमसमोर मी माझं नाव घेतलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली.

हातपाय धुऊन मी आत आलो तर देवघराचे दरवाजे उघडे होते. कागदाची घडी मोठ्या फोटोच्या मागं ठेवलेली होती, बरोबर डब्याच्या जागी, आणि समोर कापूर पेटवलेला होता. मी म्हटलं, अवं, त्याले कापराचा वास लागीन.

"कागद आहे तो," ती म्हणाली. "लागू द्या."